टाकलेली की ठेवलेली? वस्तूंच्या छायाचित्रांविषयी

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजच्या व्याख्यानाला संयोजकांनी आधी 'अडगळीतलं सौंदर्य' असं नाव सुचवलं होतं. नाव वाईट नाही. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही नेमाड्यांची कादंबरी २०१० साली आली, तेव्हापासून 'अडगळ' या शब्दाला आपल्याकडे जरा प्रतिष्ठाच लाभली आहे. पण त्या नावात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की सौंदर्य तिथे आधीच पडून असतं आणि छायाचित्रकारानं फक्त जाऊन ते उचलायचं असतं. आम्हाला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं, तर आधी आमचाच एक फोटो दाखवावा लागेल. दुसऱ्यांच्या कामावर बोलण्याआधी तेवढं करणं बरं.

(पडद्यावर छायाचित्र.)

आम्ही चार-पाच मित्र रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन पुण्याच्या पेठांमधून फिरत असू. वाडे पाडले जात होते, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. कुठे दिंडी दरवाजा काढून भिंतीला टेकवलेला, कुठे खांब आणि तुळया मोजून रचलेल्या. अशाच एका वाड्याच्या चौकात ही आरामखुर्ची दिसली. सागवानी, लांब हातांची, वेतानं विणलेली. ऊन तिरपं, मागच्या भिंतीचे पोपडे सुटलेले, आणि चौकात दुसरं काहीही नाही. फोटोला आम्ही नाव दिलं 'परित्यक्ता'.

(हशा.)

हसा, हसा. तेव्हा आम्हाला ते फार भारी वाटलं होतं. खुर्ची स्त्रीलिंगी, तेव्हा शब्द कसा चपखल बसला! आपल्या राज्यात हा शब्द ज्यांना लागतो त्या बायकांना पोटगीसाठी, रेशनकार्डावरच्या नावासाठी किती खेटे घालावे लागतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तरीही तो आम्ही एका खुर्चीला चिकटवला. वर कुणी विचारलंच तर 'प्रतीक आहे' म्हणायची तयारी.

एका छोट्या प्रदर्शनात तो लागला. लोक त्याच्यासमोर थांबायचे. शेवटच्या दिवशी एक आजी नातवाबरोबर आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही आमची खुर्ची." आम्हाला कोण आनंद झाला! तर पुढे म्हणतात, "पण ही टाकलेली नव्हती हो. दुसऱ्या खेपेला न्यायची म्हणून ठेवली होती. हाताला पुठ्ठा बांधला होता की दोन नंबरचा. तो कुठे गेला?"

पुठ्ठा आम्ही सोडवला होता. सुतळीनं बांधलेला, स्केचपेननं '२' लिहिलेला एक तुकडा. भंगारवाल्याची काहीतरी खूण असेल असं वाटलं, आणि मुख्य म्हणजे तो चित्रात घाण दिसत होता.

त्यानंतर टाकाऊ वस्तूंचा कुठलाही सुंदर फोटो बघताना आमच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, की ही टाकलेली आहे हे ठरवलं कुणी? आज त्याच प्रश्नाच्या बाजूनं काही फोटो बघू या.

सुरुवात जर्मनीपासून. आल्बर्ट रेंगर-पाट्श या छायाचित्रकाराचं शंभर फोटोंचं पुस्तक १९२८ साली निघालं. त्यात झाडं आहेत, प्राणी आहेत, यंत्रं आहेत, भांडी आहेत. पडद्यावर जो फोटो आहे तो चपलाबुटांच्या कारखान्यात लागणाऱ्या इस्त्र्यांचा. एका रांगेत, एकीमागे एक, लोखंडावर नुसता उजेड. बघा, यात गूढ वगैरे काही नाही. ही वस्तू अशी आहे, ती कुणीतरी विचार करून अशी घडवली आहे, एवढंच तो सांगतो. त्याला पुस्तकाचं नावही साधं हवं होतं, 'वस्तू'. प्रकाशकाला ते खपेलसं वाटलं नसावं. पुस्तक निघालं ते 'जग सुंदर आहे' या नावानं.

आता हे नाव म्हणजे भांडणाला निमंत्रणच. वॉल्टर बेंजामिननं १९३१ मध्ये छायाचित्रणावरच्या निबंधात आणि पुढे १९३४ मध्ये 'उत्पादक म्हणून लेखक' या टिपणात त्यावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की या कॅमेऱ्याला चाळ दाखवा नाहीतर उकिरडा दाखवा, तो त्याचं रूप खुलवूनच परत देतो. गरिबीसुद्धा चवीनं बघायची चीज होऊन बसते. आणि एकदा ती चवीनं बघता आली, की तिच्याबद्दल काही करण्याची गरज उरत नाही.

आमच्या मते बेंजामिननं रेंगर-पाट्शवर थोडा अन्यायच केला. इस्त्र्यांच्या त्या रांगेत कुणाचं दुःख चाटून-पुसून ठेवलेलं नाही. 'वस्तू' हे नाव राहिलं असतं तर टीकेची धार निम्म्यानं कमी झाली असती. पण गंमत अशी, की ती टीका ज्याच्यावर केली त्याच्यापेक्षा आमच्या त्या खुर्चीवर जास्त नेमकी बसते. पोपडे सुटलेली भिंत, कडेनं येणारं ऊन, गंजलेली कडी : हे तीन जिन्नस घ्या, फोटो सुंदर झालाच म्हणून समजा. मेहनत लागत नाही. आणि जे इतक्या स्वस्तात मिळतं त्याच्याकडे जरा संशयानं बघावं, असं आता आम्हाला वाटतं.

कुणी म्हणेल, मग निव्वळ आकाराचं सौंदर्य बघायचंच नाही का? बघायचं की. एडवर्ड वेस्टननं १९२५ मध्ये मेक्सिकोत राहत असताना घरातल्या संडासाचं चिनी मातीचं भांडं टिपलं आणि १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून एक भोपळी मिरची. दोन्ही फोटो अप्रतिम आहेत. आपण आपली मॉडेल्स खाऊन टाकतो, अशी थट्टाही त्यानं रोजनिशीत केली आहे. मिरची खाल्ली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तिला मालक नसतो, निदान आठवण काढणारा तरी नसतो.

खुर्चीचं तसं नाही. आपण बोलतो कसं ते बघा. खुर्चीला पाय असतात, पाठ असते, हात असतात. मराठीत ती अर्धी माणूसच आहे. कापडी आरामखुर्चीची झोळी बसणाऱ्याच्या वजनानं लोंबते, हातांवर कोपर जिथे टेकायचं तिथलं पॉलिश उडतं. रिकामी खुर्ची म्हणजे कोणीतरी उठून गेल्याची खूण. म्हणून तिच्या फोटोत करुणा आपोआप येते, आणि तिथेच घोटाळा होतो. कारण उठून गेलेला माणूस पाणी प्यायला गेला की कायमचा गेला, हे चित्रात दिसत नाही. ते आपण वरून घालतो.

डेट्रॉइटचं बघा. अमेरिकेतलं मोटारींचं शहर. तिथल्या पडक्या इमारतींचे फोटो पंधरा-वीस वर्षांपूर्वी जगभर गाजले. इव्ह मार्शाँ आणि रोमँ मेफ्र या दोन फ्रेंच छायाचित्रकारांचं 'द रुइन्स ऑफ डेट्रॉइट' २०१० मध्ये आलं. नाचघरात उलथलेला पियानो, शाळेतलं वितळल्यासारखं झालेलं घड्याळ. फोटो म्हणून थक्क करणारे आहेत, यात शंका नाही. मोठा कॅमेरा, कमालीचे बारकावे, चित्रकलेसारखा उजेड. पण पानामागून पान उलटत गेलात तर वाटतं, या शहरात माणूसच उरलेला नाही. आणि त्याच २०१० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या होती सात लाखांच्या वर! हे लोक शाळेत जात होते, बससाठी थांबत होते, घर विकलं जात नाही म्हणून रडत होते. पुस्तकातल्या त्या निःस्तब्ध सौंदर्यासाठी त्यांना चौकटीबाहेर उभं राहावं लागलं. या प्रकाराला इंग्रजीत एक तिखट नाव पडलं आहे, इथे ते घ्यायला नको. त्या फोटोंमधलं सगळ्यात लाडकं मॉडेल म्हणजे मिशिगन सेंट्रल हे रेल्वे स्थानक. १९८८ साली तिथून शेवटची गाडी सुटली. पुढे फोर्ड कंपनीनं इमारत घेतली, दुरुस्त केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. आता तिथे कोण कशाला फोटो काढायला जाईल? जाईल, पण ते लग्नाचे वगैरे. दुरुस्त झालेली वस्तू आपल्या या कलाप्रकाराला नको असते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता जरा अवघड उदाहरण. वॉकर एव्हान्स. १९३६ च्या उन्हाळ्यात तो आणि लेखक जेम्स एजी अलाबामा राज्यात गेले आणि कापूस पिकवणाऱ्या तीन खंडकरी कुटुंबांमध्ये राहिले. 'फॉर्च्यून' मासिकानं पाठवलं होतं, पण मासिकानं तो मजकूर छापलाच नाही. पुस्तक १९४१ मध्ये निघालं. सुरुवातीला नुसते फोटो, खाली एका शब्दाची ओळ नाही. त्यात स्वयंपाकघराची एक भिंत आहे. फळ्यांच्या भिंतीवर एक आडवी पट्टी ठोकलेली आणि तिच्यात काटेचमचे खोचलेले. बस्. आम्हाला विचाराल तर वस्तूंच्या छायाचित्रणात याच्या पुढे फार थोडं गेलंय. ती भिंत गरीब आहे हे लपत नाही. पण ती पट्टी कुणीतरी डोकं चालवून ठोकली आहे, चमचे रोज धुऊन परत तिथेच खोचले जातात, हेही दिसतं. तिथे माणूस नाही आणि तरी घर रिकामं नाही. आपल्याकडे कुडाच्या भिंतीत विळा, फणी, औषधाची पुडी खोचून ठेवलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फोटो समजावून सांगावा लागत नाही.

एजीचं लेखन याला जोडून वाचावं. तो खणाखणातल्या वस्तूंच्या याद्या देतो, बटणं, सुया, मोडकी खेळणी, काही सोडत नाही. शक्य असतं तर आपण लिहिण्याऐवजी कापडाचे तुकडे, कापूस, मातीची ढेकळंच पुढे ठेवली असती, अशा आशयाचं त्यानं लिहिलं आहे. आणि नेमक्या या याद्यांमुळेच एव्हान्स अडचणीत आला. पुढच्या अभ्यासकांनी याद्या आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले. एका घरातल्या शेकोटीवरच्या फळीच्या फोटोत गजराचं घड्याळ आहे, एजीच्या यादीत ते नाही. मग ते आलं कुठून? एव्हान्सनं ठेवलं का? खुर्च्या-पलंग त्यानं हलवले का? यावर २००९ मध्ये चित्रपट दिग्दर्शक एरल मॉरिसनं भलीमोठी लेखमाला लिहिली. घड्याळ एव्हान्सचं होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, नव्हतं असंही नाही.

आम्ही बरीच वर्षं या वादाला पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग समजत होतो. एक घड्याळ इकडचं तिकडे झालं तर काय झालं? मग ती आजींची गोष्ट घडली. ती मघाशी पुरी सांगितली नाही. त्या दिवशी टेम्पोवाला दुसऱ्या खेपेला आला तेव्हा त्यानं नंबर बांधलेलं सामान तेवढं उचललं. ज्यावर पुठ्ठा नाही ते इथेच सोडायचं, असं त्याला घरच्यांनीच सांगितलेलं होतं. संध्याकाळी त्यांचा मुलगा खुर्ची आणायला परत गेला, तोवर ती तिथे नव्हती. पुठ्ठा आम्ही परत बांधला होता का? आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. म्हणजे बहुधा नाही. ती खुर्ची आजींच्या यजमानांची होती. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ते तिच्यात बसून पेपर वाचत.

म्हणजे फोटोचं नाव खोटं होतं ते आम्ही खरं करून ठेवलं.

(थांबून.) पाणी मिळेल का जरा?

हं. आता मायकेल वुल्फ. जन्म म्युनिकचा, १९५४ चा. बरीच वर्षं हाँगकाँगमध्ये राहिला आणि २०१९ मध्ये तिथेच वारला. 'सिटिंग इन चायना' हे त्याचं पुस्तक २००२ साली आलं. चीनमधल्या गल्लीबोळांतल्या खुर्च्या. पण कसल्या खुर्च्या! एका पायाखाली विटा, पाठ गेली म्हणून फळी ठोकलेली, बैठक फाटली म्हणून दोरीनं बांधलेला फोमचा तुकडा, तारेचे वेढे, एका खुर्चीचं धड आणि दुसरीचे पाय. पहिल्यांदा बघताना हसू येतं. मग लक्षात येतं की या खुर्च्या टाकलेल्या नाहीत, त्या वापरात आहेत. पहारेकरी, भाजीवाली, सायकल दुरुस्त करणारा उठून जरा पलीकडे गेला आहे, तो येणार आहे. इथे ऊन सपाट आहे, भिंती कशाही आहेत. रंग उडाल्याचं कौतुक नाही. जे बघायचं ते जोडकाम. कुणाच्या तरी हातानं 'अजून चालेल' असं ठरवलं, त्याची ती खूण.

आपल्या सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमनची खुर्ची असते ना? पांढरी प्लॅस्टिकची, एक पाय तडकलेला आणि तापवलेल्या तारेनं टाके घालून शिवलेला. नाहीतर कुठल्याशा ऑफिसातली चाकं गेलेली खुर्ची, खाली लोखंडी अँगल वेल्ड केलेले. रोज शेजारून जातो, कॅमेरा कधी काढत नाही. कारण ती जुनीही नाही आणि सुंदरही नाही. आम्ही त्या आरामखुर्चीचा कोन असा निवडला होता की बैठकीची डावी बाजू दिसू नये. तिथला वेत तुटला होता आणि आजींनी तेवढ्या भागात निळी नायलॉनची पट्टी विणली होती. निळा रंग आमच्या तपकिरी चित्राला परवडत नव्हता. वुल्फनं नेमका तोच निळा रंग मधोमध घेतला असता.

आपल्याकडे दयानिता सिंग यांचं 'फाइल रूम' २०१३ सालचं. त्यांनी खुर्च्याही टिपल्या आहेत, बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातल्या, पण आज 'फाइल रूम'बद्दल थोडं. सरकारी दफ्तरखान्यांतले कागदांचे ढीग, मांडण्या, कापडात बांधलेली गाठोडी. पहिल्या नजरेला ही आमच्या 'परित्यक्ता'चीच बहीण वाटते, धूळ आणि काळोख तोच. पण नीट पाहिलं तर गाठी दिसतात, आणि गाठ कुणीतरी बांधलेली असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. अमुक रुमालातला अमुक कागद, असा संशोधक संदर्भ देतात. बाहेरच्याला ती अडगळ वाटेल, तिथल्या कारकुनाला पत्ता माहीत असतो. या फोटोंमध्ये तो पत्ता पुसला गेला नाही, म्हणून ते आम्हाला मोलाचे वाटतात. अर्थात एखाद-दुसरी चौकट केवळ धुळीच्या सौंदर्यावर विसंबते, हेही म्हणायला हवं.

आणि एक माणूस अगदी निराळा, प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. धंदा पुस्तकबांधणीचा होता, तो सुटला आणि हातात, म्हणजे एकाच हातात, अवजड कॅमेरा आला. १९४० नंतर, शहरात नाझींचा अंमल असताना, तो आपल्या अंगणातल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत बसला. खिडकीवर दव, तावदानाच्या आत पाण्याचा पेला, कधी एक अंडं, कधी वाळकी फांदी. स्टुडिओ इतका भरलेला की पुढे त्या पसाऱ्याचीच एक मालिका झाली. सुदेक सौंदर्य शोधायला दुसऱ्याच्या चौकात गेला नाही. पसारा त्याचाच होता, पेला तो स्वतः धुऊन परत ठेवत होता. त्याच्या फोटोंना जी शांतता आहे ती बहुधा यातून येते. परक्याच्या वस्तूपुढे उभं राहताना आपण जे नकळत चोरतो, ते त्याला चोरावं लागलं नाही.

म्हणजे काय, दुसऱ्याच्या वस्तूंचे फोटो काढूच नयेत? असं म्हटलं तर एव्हान्सची ती भिंतही गेली, वुल्फच्या खुर्च्याही गेल्या. तसं आमचं म्हणणं नाही. आमची कुरकुर आहे ती घाईबद्दल. वस्तू दिसल्याबरोबर तिला अनाथ ठरवून टाकायची घाई. आम्ही त्या चौकात वीस मिनिटं उजेडाची वाट बघत होतो, पण शेजारच्या दाराची कडी वाजवून 'ही कुणाची हो?' असं विचारायला आम्हाला दोन मिनिटं सापडली नाहीत. विचारलं असतं तर चहा मिळाला असता, खुर्ची कुणाची ते कळलं असतं, आणि 'परित्यक्ता' हे नाव सुचलंच नसतं. फोटो कदाचित इतका गाजला नसता. चालेल.

आता शेवटची पारदर्शिका.

प्रदर्शनानंतर आजींनी त्या फोटोची प्रत मागितली. आम्ही मोठी, चौकट घातलेली देऊ केली. तर त्या म्हणाल्या, "पुठ्ठा असलेला नाही का एखादा?" होता. पुठ्ठा सोडवण्याआधी उजेड बघायला म्हणून एक चौकट काढली होती, ती रद्दीच्या फोल्डरमध्ये पडून होती. तीच पडद्यावर आहे. क्षितिज वाकडं आहे. निळी पट्टी मधोमध आली आहे. डाव्या कोपऱ्यात दारातून जे काळं काहीतरी दिसतंय ते टेम्पोचं मागचं चाक, म्हणजे पहिली खेप तेव्हा निघायचीच होती. आणि हा पुठ्ठा. '२' जरा उलटा दिसतोय, वाऱ्यानं फिरला असावा. आजींनी ही प्रत पाकिटातून बाहेर काढून, चष्मा लावून पाहिली आणि नातवाला म्हणाल्या, "हे बघ, ही पट्टी मी विणलेली."

त्यांची परवानगी घेऊनच आज ती इथे दाखवतो आहोत. दिवे लावा. प्रश्न असतील तर घेऊ.